मोठी स्क्रीन, बारीक बेझल: फोन घ्यायच्या आधी काय काय तपासून घ्यायचं

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात शिरा, काउंटरवरचं पोरगं पहिलं हेच सांगणार, "मालक, सहा पॉइंट सात इंच, आणि बेझल तर बघा, दिसतच नाही." फोन चमकत असतो, आपण पण हातात घेऊन दोनदा फिरवतो आणि लगेच हप्ता किती बसेल ते विचारायला लागतो. जरा थांबा. बेझल म्हणजे स्क्रीनच्या भोवतीची ती काळी पट्टी, आणि ती काय कंपन्यांनी उगाच ठेवली नव्हती, तिच्यात सामान होतं. वरच्या पट्टीत कानाला ऐकू येणारा स्पीकर, सेल्फी कॅमेरा, कॉलवर स्क्रीन बंद करणारा सेन्सर, मेसेज आला की लुकलुकणारा लाईट, आणि खालच्या पट्टीत होम बटन, त्यातच फिंगरप्रिंट. पट्टी बारीक झाली म्हणजे हे सामान एकतर दुसरीकडं सरकलं नाहीतर सरळ काढून टाकलं. आता काय काढलं आणि ते आपल्याला लागत होतं का, हे दुकानात जायच्या आधी घरीच ठरवायचं.

सगळ्यात आधी इंचाचं बघू, कारण फसवाफसवी इथंच जास्त होते. इंच मोजतात ते तिरके, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या फोनची स्क्रीन १६:९ मापाची (उंची १६ भाग तर रुंदी ९ भाग) असायची, आता बहुतेक २०:९ च्या आसपास, म्हणजे उंच आणि अरुंद. हिशोब करून बघा, जुन्या ५.५ इंची १६:९ स्क्रीनची रुंदी येते साधारण ६८.५ मिमी आणि आत्ताच्या ६.५ इंची २०:९ ची येते ६७.८ मिमी. एक इंच वाढला म्हणून खुश झालो आणि रुंदी उलटी कमी झाली बे! वाढली ती उंची. आता मराठी टाईप करताना कीबोर्डवर एका ओळीत किती बटनं कोंबलेली असतात ते तुम्हाला माहितीये, तिथं रुंदीच कामाला येते. सातबारा किंवा बँकेची पीडीएफ उघडली तरी अक्षर किती मोठं दिसणार ते रुंदीवरच. आणि मॅच? व्हिडिओ अजून १६:९ चाच येतो, त्यामुळं ६.७ इंची उंच स्क्रीनवर फोन आडवा धरला की दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या, मधलं चित्र फक्त ५.६ इंचाचं. उंची कुठं उपयोगी पडते तर व्हॉट्सॲपचे मेसेज, रील, बातम्या असलं वरखाली सरकवायचं जे असतं तिथं.

२०१७ साली ॲपलनं एकाच वर्षात दोन फोन काढले त्यात हा सगळा सौदा स्वच्छ दिसतो. आयफोन ८ प्लस, स्क्रीन ५.५ इंच, वर-खाली जाड पट्ट्या, होम बटन, अंग १५८.४ बाय ७८.१ मिमी, वजन २०२ ग्रॅम. आणि आयफोन टेन (X), स्क्रीन ५.८ इंच, होम बटन गायब, वर नॉच (कॅमेऱ्यासाठी स्क्रीनमध्ये कापलेली खाच), अंग १४३.६ बाय ७०.९, वजन १७४ ग्रॅम. आकडा मोठा, फोन छोटा, खिशाला एकदम भारी. पण टेनची स्क्रीन ८ प्लसपेक्षा सहाएक मिलिमीटरनं अरुंद होती, आणि बोट ठेवून उघडायची सोय गेली ती गेलीच.

म्हणून पहिलं काम, फोनची रुंदी मिमीमध्ये बघायची. कंपनीच्या साईटवर किंवा जीएसएमअरेना ह्या फोनची माहिती देणाऱ्या साईटवर लांबी, रुंदी, जाडी, वजन सगळं असतं. माझ्या हिशोबानं ७२ मिमीच्या आतला फोन एका हातात चालतो, ७५ च्या पुढं गेला की दोन हात लागतात, मधल्याचं ज्याच्या त्याच्या पंजावर आहे. टॉवेलच्या नाहीतर चपलेच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर फोनची लांबी-रुंदी आखा, आणि कव्हर घालणार असाल (घालणारच) तर दोन-चार मिमी जास्त धरून कापा. तो पुठ्ठा हातात धरून अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का बघा. शर्टाच्या खिशात टाकून खाली वाका. हुतात्मा एक्स्प्रेसला गर्दीत उभं राहून एका हातानं दांडा धरायचा आणि दुसऱ्यानं तिकीट दाखवायचं असतं, तो सीन डोळ्यासमोर आणा. पुठ्ठ्यातून वजन तेवढं कळत नाही, ते दुकानात कळेल, २०० ग्रॅमच्या वरचा फोन झोपून बघताना तोंडावर पडला की आणखी चांगलं कळतं.

आता खालची पट्टी, जिला चिन म्हणतात. स्वस्त फोनमध्ये बाजूच्या पट्ट्या बारीक आणि खालची जाड असते आणि लोक त्याला नावं ठेवतात. कारण सरळ आहे, तिथं एलसीडी स्क्रीन असते, तिला मागून उजेड द्यावा लागतो आणि स्क्रीनची चिप आणि रिबन (चपटी वायर) खालच्या कडेला बसवावी लागते, त्याला जागा पाहिजे. ओएलईडी स्क्रीनला मागून उजेड लागत नाही, आणि प्लॅस्टिकवर बनवलेली असली तर ती वाकते, म्हणून तिची खालची कड फोनच्या आत दुमडता येते आणि पट्टी बारीक होते. म्हणजे बारीक चिन दिसली की समजायचं आत महागडी स्क्रीन आहे, आणि फुटली तर तीच महागडी स्क्रीन परत घ्यायची आहे. घ्यायच्या आधी, विकणाऱ्याला नाही, रिपेअरवाल्याला विचारा, "ह्या मॉडेलचा फोल्डर (म्हणजे काचेसकट अख्खी स्क्रीन) केवढ्याला बसतो?" ओरिजिनलचा वेगळा भाव सांगेल, कॉपीचा वेगळा. ओएलईडीच्या जागी स्वस्तातली एलसीडी कॉपी बसवली तर स्क्रीनच्या आतला फिंगरप्रिंट चालत नाही, कारण बोटाचं चित्र घ्यायला उजेड स्क्रीनमधून आरपार जावा लागतो आणि एलसीडीच्या मागं लाईटचा थर आडवा येतो. हे बसवल्यावर कळण्यापेक्षा आधी माहिती असलेलं बरं.

कडेला वळवलेली काच मला स्वतःला अजिबात पटत नाही. दिसते लई भारी, पण साधा टफन (स्क्रीनवर चिकटवायची जादा काच) बसत नाही, लाईट मारून सुकवायचा गोंदवाला बसवावा लागतो, तो गोंद निष्काळजीपणे लावला तर स्पीकरच्या जाळीत जातो, आणि फोन धरला की तळहात कडेला लागून भलतंच काहीतरी उघडतं. सपाट काच आणि जरा जाड काठ, पडल्यावर वाचायची शक्यता त्यातच जास्त.

सेल्फी कॅमेऱ्याचं काय करायचं यावर कंपन्यांनी बरेच खेळ करून झालेत. २०१६ मध्ये शाओमीच्या मी मिक्सनं कॅमेरा खाली हनुवटीत नेला आणि कानाचा स्पीकरच काढून अंग थरथरवून आवाज द्यायचा प्रयोग केला. मग नॉच, मग मोटरवर वर येणारा कॅमेरा (वनप्लस ७ प्रो, रेडमी के२०, दोन्ही २०१९ चे), स्क्रीन एकदम मोकळी पण हलणारा भाग आला की धूळ-पाण्याची काळजी आली आणि आत जागा पण गेली. २०२० मध्ये झेडटीईनं कॅमेरा स्क्रीनच्या खाली लपवला, तर काचेतून उजेड कमी पोचतो म्हणून फोटो मळकट. शेवटी सगळे छोट्या गोल भोकावर आले आणि तेच ठीक आहे, दोन दिवसांत ते भोक दिसायचंच बंद होतं. यावर जास्त डोकं घालवू नका.

डोकं घालवायचं ते कॉलच्या सेन्सरवर. वरची पट्टी बारीक करताना काही फोनमध्ये खरा प्रॉक्झिमिटी सेन्सर काढून सॉफ्टवेअरनं अंदाज बांधायची सोय करतात. मग काय होतं, फोन कानाला आणि स्क्रीन चालूच, गालानं म्यूट दाबलं जातं, कधी कॉलच कट. स्पेसिफिकेशनमध्ये हे धड लिहीत नाहीत, म्हणून दुकानातल्या डेमो फोनवरून खरा कॉल लावा, कानाला लावा, आणि सोबतच्याला स्क्रीन बंद होते का बघायला सांगा. पाच-सहा वेळा कानाजवळ न्या, लांब करा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे, पैसे आपले चाललेत.

मग आतल्या जागेचा हिशोब. सगळा दोष बेझलचा नाही, बॅटरी मोठी झाली, मागचे कॅमेरे मोठे झाले, आणि त्यांना जागा द्यायला बाकीच्यांना बाहेर काढलं. आयफोन ७ नं २०१६ मध्ये हेडफोनचं भोक काढलं तेव्हा सगळे हसले आणि मग बहुतेकांनी काढलं. सॅमसंगच्या २०१९ च्या एस१० मध्ये भोकाचा कॅमेरा होता, ३.५ मिमी जॅक (तेच हेडफोनचं भोक) होता, मेमरी कार्डपण होतं. २०२१ च्या एस२१ मध्ये जॅक नाही, कार्डपण नाही. ती खालची कड बघा ना, तिथं चार्जिंग पोर्ट, स्पीकर, माईक, आणि बारीक चिनसाठी दुमडलेली स्क्रीन, सगळेच जागा मागतात. जॅक गेला की सहसा एफएम पण जातो, कारण वायरचा हेडफोनच एफएमचा अँटेना असतो. आता हे ज्याला लागत नाही त्याला लागत नाही, पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमच्या (यंत्रमागाच्या) खटखटाटात जो दिवसभर कानात वायर घालून आकाशवाणी सोलापूर नाहीतर गाणी ऐकतो, ज्याला ब्लूटूथच्या डब्या चार्ज करत बसायला वेळ नाही, त्याला जॅक पाहिजेच. कार्डाच्या बाबतीत ट्रे हायब्रिड आहे का विचारा, म्हणजे दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसतं. गेम खेळणाऱ्यांनी जायरोस्कोप (फोन कसा वळवला ते ओळखणारा सेन्सर) खरा आहे का बघा, टॅप करून पैसे द्यायचे असतील तर एनएफसी बघा, टीव्ही-एसीचा रिमोट पाहिजे असेल तर वरच्या कडेला आयआर (इन्फ्रारेड) बघा. स्वस्त फोनमध्ये पट्टी बारीक करायला पैसे घातले की ह्यातलंच एखादं गुपचूप कमी झालेलं असतं.

लूमवरचाच अजून एक विषय, सुताचा बारीक कचरा. तो चार्जिंग पोर्टमध्ये जाऊन दाबून बसतो आणि मग केबल सैल होते, लोक म्हणतात पोर्ट खराब झाला. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हळू काढा, टाचणी घालू नका. आयपी रेटिंग म्हणजे फोन धूळ-पाण्याला किती टिकतो त्याचा नंबर, त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो, आयपी५४ मधला ५ म्हणजे थोडी धूळ आत जाऊ शकते पण काम बिघडत नाही, आयपी६८ मधला ६ म्हणजे धूळ आत जातच नाही. पण पोर्टचं तोंड उघडंच असतं, तिथला कचरा रेटिंगनं अडत नाही.

आपल्या ऊन्हाचं वेगळं बोलायला पाहिजे. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंशात वापरा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, सावलीत! अशा वेळी फोन स्वतःला वाचवायला ब्राइटनेस उतरवतो, चार्जिंग हळू करतो. अंग जितकं पातळ आणि आत जितकं कोंबलेलं तितकी उष्णता पसरायला जागा कमी. जाहिरातीतला हजारो निट्सचा (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आकडा बहुतेक वेळा स्क्रीनच्या छोट्या तुकड्यापुरता आणि थोड्याच वेळापुरता असतो, त्यावर जाऊ नका. फोन बघायला मुद्दाम दुपारी जा, दुकानदाराला सोबत घेऊन दारात उन्हात या, कॅमेरा चालू करून पाच मिनिटं तसाच ठेवा, आणि मग स्क्रीनवरचं वाचता येतं का बघा. संध्याकाळी एसीत सगळेच फोन छान दिसतात.

बॅटरीसाठी एक चांगली गोष्ट झालीये, सिलिकॉन-कार्बनवाल्या बॅटऱ्या आल्यात, तेवढ्याच जागेत जास्त एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बसतं, त्यामुळं पातळ फोनमध्ये पण ६००० च्या पुढचे आकडे दिसायलेत. दिवसभर बाहेर असाल तर हे जरूर बघा.

फिंगरप्रिंट बाजूच्या बटनात पाहिजे की स्क्रीनमध्ये? एलसीडी असेल तर बहुतेक बाजूलाच मिळेल आणि मला तोच आवडतो, न बघता खिशातून काढताना उघडतो, टफन कुठलापण लावा. ज्यांच्या बोटांच्या रेषा कामानं झिजल्यात, विडी वळणाऱ्या बायका, मागावरचे लोक, त्यांना कुठलाच सेन्सर पटकन ओळखत नाही, तर एकच बोट दोन वेळा वेगवेगळ्या नावानं रजिस्टर करा, फरक पडतो. आणि दुकानातच त्यांच्याच बोटानं दहा वेळा उघडून बघा, पोरानं स्वतःच्या बोटानं दाखवलेलं धरू नका.

घरात कोणासाठी घेताय त्यावर पण आहे. आईला किंवा आजोबांना द्यायचा असेल तर बारीक बेझलच्या नादाला लागूच नका, अक्षर मोठं करून ठेवलं की रुंद स्क्रीन पाहिजे, धरायला जाड काठ पाहिजे, एलसीडी चालेल, फुटली तर खर्च कमी. कॉलेजच्या पोराला सपाट ओएलईडी, जायरो आणि मोठी बॅटरी, जॅक नसला तरी त्याचं काही अडत नाही. ज्याला खरंच छोटा फोन पाहिजे त्याचे मात्र हाल आहेत, आयफोन १३ मिनी (५.४ इंच, २०२१) नंतर ॲपलनं मिनी काढलाच नाही, अँड्रॉइडमध्ये पण सहा इंचाच्या खालचे फारसे उरले नाहीत, त्यामुळं ६.१ ते ६.३ इंचवाले शोधा आणि त्यातला ७२ मिमीच्या आत रुंदीचा घ्या. ऑनलाईन दोन-तीन हजार कमी दिसला तरी तोच मॉडेल आधी नवी पेठेत नाहीतर सात रस्त्याला हातात घेऊन, कॉल लावून, उन्हात बघून या, आणि येताना दुकानदाराला भाव जुळवतो का तेवढं विचारा, बऱ्याचदा कव्हर आणि टफन टाकून जुळवतात.