सिव्हीसीआरएम वापरताय? या चुका टाळा

सिव्हीसीआरएम म्हणजे संस्थांनी देणगीदार, देणग्या आणि मेल सांभाळण्यासाठी वापरायचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं, त्याचा सोर्स खुला आहे आणि वर्डप्रेसवर ते बसवणं फार अवघड नाही. खरी अडचण पुढे येते. त्याची मुळातली सेटिंग्ज अशा संस्थेसाठी आहेत, जिथे प्रत्येक देणगीदाराला स्वतःचा ईमेल आहे आणि वर्ष जानेवारीत सुरू होतं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर एका मोबाइलवर अख्खं घर चालतं, आणि हिशेब एप्रिलपासून. बहुतेक भानगडींचं मूळ इथेच आहे.

एकच माणूस तीनदा, किंवा तिघांचा एकच माणूस

यादी इम्पोर्ट करताना डुप्लिकेट ओळखणारा मूळ नियम फक्त ईमेल पाहतो. ईमेलचा रकाना रिकामा असेल तर प्रत्येक ओळ नवा माणूस ठरते. तीच यादी दुसऱ्यांदा चढवली की संख्या सरळ दुप्पट. मग घाईत कुणीतरी फक्त मोबाइलवर चालणारा नियम बनवतं आणि नवरा, बायको, मुलगा एकाच नोंदीत कोंबले जातात. हे जास्त वाईट, कारण मर्ज (एकत्र) केलेलं परत सोडवता येत नाही.

‘कॉन्टॅक्ट्स’ मेनूतून डुप्लिकेट शोधण्याच्या पानावर जा आणि नवा नियम करा. मोबाइलला वजन ६, पहिल्या नावाला ५, उंबरठा (डुप्लिकेट ठरायला लागणारी किमान बेरीज) १०. दोन्ही जुळले तर बेरीज ११ होते आणि नोंद पकडली जाते. एकटं नाव किंवा एकटा नंबर पुरत नाही. नावापुढे ‘लेंग्थ’चा, म्हणजे सुरुवातीची किती अक्षरं जुळवायची याचा रकाना असतो, तो बरेच जण सोडून देतात. तिथे ५ लिहिलं तर ‘सुरेश’, ‘सुरेशराव’ आणि ‘सुरेशभाऊ’ एकच धरले जातात. तीन अक्षरांना ५ का? डेटाबेस उकार आणि मात्रा वेगळे मोजतो. मात्र हा नियम देवनागरीतला सुरेश आणि इंग्रजीतला सुरेश जुळवू शकत नाही. नावं कोणत्या लिपीत ठेवायची हे पहिल्याच दिवशी ठरवा. गावांचंही तसंच. ‘नाशिक’ देवनागरीत, इंग्रजीत एसएच लावून आणि नुसत्या एसने, अशा तीन तऱ्हा असतील तर शोध तीनदा करावा लागतो. पिनकोडवर शोधलेलं बरं: पंचवटी ४२२००३, नाशिकरोड ४२२१०१.

बिघाड एक्सेलमध्येच होतो

फोन जुळवताना मधल्या रेघा आणि जागा धरल्या जात नाहीत, पण सुरुवातीचा ९१ किंवा ० धरला जातो. त्यामुळे इम्पोर्टच्या आधी रेघा आणि जागा काढून ‘राइट’ फॉर्म्युल्याने सगळ्या नंबरांचे शेवटचे दहा आकडेच ठेवा. लँडलाइनलाही हे चालतं: ०२५३ चा शून्य गेला तरी २५३ आणि पुढचे सात मिळून दहाच होतात. मोबाइल ६ ते ९ ने सुरू होतो, त्यावरून दोन्ही वेगळे करा.

९१ सकट बारा आकड्यांचा नंबर साध्या रकान्यात असेल तर एक्सेल तो ‘९.१९ई+११’ अशा धर्तीवर दाखवतं. सीएसव्ही (इम्पोर्टसाठीची साध्या मजकुराची फाइल) करताना जे दिसतं तेच फाइलमध्ये जातं, म्हणजे उरलेले आकडे कायमचे गेले. मूळ एक्सेल फाइल म्हणूनच पुसू नका. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. आणि जुनी यादी श्रीलिपीत टाइप केलेली असेल तर फॉन्ट काढताच अगम्य चिन्हं उरतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

तारखेचा सापळा सगळ्यात छुपा. इम्पोर्टच्या पडद्यावर तारखेची पद्धत चुकून महिना-दिवस राहिली तर ०३/०४/२०२४ म्हणजे ४ मार्च धरलं जातं. तीन एप्रिलची देणगी मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. ज्या तारखांत दिवस १२ च्या वर आहे त्या ओळी एरर देतात. लोक तेवढ्याच दुरुस्त करतात आणि बाकीच्या चुकीच्या तारखा गुपचूप राहतात. एरर आली तर सगळा इम्पोर्ट रद्द करून नव्याने करा. त्यासाठी लोकांची यादी चढवताना दर वेळी ‘नव्या ग्रुपमध्ये टाका’ हा पर्याय वापरा, म्हणजे तेवढेच लोक निवडून काढता येतात. आधी वीस ओळींवर करून पाहा.

देणगी आणि पावती

लोकलायझेशनच्या सेटिंग्जमध्ये आर्थिक वर्षाची सुरुवात १ एप्रिल करा आणि चलन रुपया. चलन आधीच बदला. डॉलरमध्ये नोंदलेल्या जुन्या देणग्या नंतर आपोआप रुपयात येत नाहीत. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने त्यासाठी वेगळा ‘फायनान्शियल टाइप’ ठेवावा.

८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) असलेल्या संस्थांना २०२१-२२ पासून देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. त्यात ओळखक्रमांक, पत्ता आणि देणगी कशी आली हे लागतं. तेव्हा पॅनचा रकाना आत्ताच बनवा, मे महिन्यात फोन करत बसू नका. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, हे पैसे घेतानाच सांगा. विवरणाच्या फॉर्मचा सध्याचा क्रमांक सीएला विचारा.

मराठी पावतीची पीडीएफ फुटते. सिव्हीसीआरएममधलं पीडीएफ बनवणारं साधन, डॉमपीडीएफ, जोडाक्षरं नीट जुळवत नाही, ‘त्र्यंबकेश्वर’ तर पार विस्कटतं. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे दुसरं साधन सर्व्हरवर बसवून त्याचा पाथ सेटिंगमध्ये द्या, सोबत नोटो देवनागरी फॉन्ट हवा. या साधनाचा पुढचा विकास आता थांबलाय, पण आहे ते चालतं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ते बसत नसेल तर पावती इंग्रजीत छापा.

मेल गेलाच नाही

मेलिंग ‘शेड्यूल्ड’वरच अडकलंय? ‘शेड्यूल्ड जॉब्स’ उघडा, मेल पाठवणारा जॉब शेवटी कधी चालला ते बघा आणि हाताने चालवा. मेल गेला तर दोष क्रॉनचा, म्हणजे ठरावीक वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीचा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये दर ५ ते १५ मिनिटांचा क्रॉन लावा. वर्डप्रेसच्या क्रॉनवर विसंबू नका. छोट्या कारखान्यांत चालणाऱ्या सुइटसीआरएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरचीही पहिली तपासणी हीच, फक्त तिथे क्रॉन दर मिनिटाला लागतो.

गेला पण स्पॅममध्ये पडला, तर पाठवणारा पत्ता बघा. आपल्या सर्व्हरवरून जीमेलच्या पत्त्याने मेल पाठवू नका. स्वतःचं डोमेन घ्या, त्यावर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लावा. एसएमएसचं वेगळंच: डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या संदेश-नोंदणी व्यवस्थेवर) नोंदवलेल्या मजकुराशी संदेश जुळला नाही तर तो वाटेतच गळतो.

बॅकअप

नुसता डेटाबेस पुरत नाही. अपलोड्समधलं सिव्हीसीआरएमचं फोल्डर आणि सेटिंग्जची फाइलही हवी. सांकेतिक किल्ल्या त्यात असतात. किल्ली बदलली तर साठवलेला एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा) पासवर्ड उलगडत नाही. बॅकअप दुसऱ्या जागी उतरवून तपासताना मेल पाठवणं बंद करूनच क्रॉन लावा, नाहीतर चाचणीची प्रत खऱ्या देणगीदारांना तीच आठवण दुसऱ्यांदा धाडते.