'एरिया किती?' एवढंच विचारू नका: ठाणे-नवी मुंबईत फ्लॅट बघताना होणाऱ्या चुका

घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या एखाद्या साइट ऑफिसात जा, नाहीतर खारघरच्या एजंटाला फोन लावा. 'एरिया किती?' म्हटलं की उत्तर तयार असतं, 'साडेदहाशे, सर.' साडेदहाशे काय, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप, सेलेबल, युजेबल हे सगळे एरियाच. ढोबळमानाने कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापराची जागा, बिल्टअप म्हणजे त्यात बाहेरच्या भिंती, बाल्कनी धरून आणि सुपर बिल्टअप किंवा सेलेबल म्हणजे त्यावर सामाईक जागेचा वाटाही चढवून. एकाच फ्लॅटला हे सगळे आकडे लागतात आणि त्यातला कुठलाही खोटा नसतो. म्हणून तर फसायला होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन साइटचे स्क्वेअर फुटाचे भाव समोरासमोर ठेवणं. समजा, एकीकडे 1,050 चौरस फूट सेलेबल आहे आणि भाव 9,500 रुपये. दुसरीकडे 700 कार्पेट, भाव 13,500. घरी येऊन लोक सांगतात, पहिली साइट चार हजारांनी स्वस्त आहे. आता गुणाकार करा. पहिल्या फ्लॅटचे होतात 99 लाख 75 हजार, दुसऱ्याचे साडेचौऱ्याण्णव लाख. आणि पहिल्याचं कार्पेटही 700च निघालं, तर त्याचा खरा भाव 14,250 पडला. सेलेबलमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस यांचा वाटा मिसळलेला असतो आणि तो किती मिसळायचा, हे बिल्डरच ठरवतो. त्याला बाजारात लोडिंग म्हणतात.

हे लोडिंग उलट काढतानाही गडबड होते. '50 टक्के लोडिंग आहे' असं कळलं की लोक 1,050 चे निम्मे करून 525 धरतात आणि विनाकारण भांडायला उठतात. लोडिंग कार्पेटवर चढवलेलं असतं, त्यामुळे 1,050 ला दीडने भागायचं. उत्तर 700.

नव्या प्रकल्पात मात्र हा सगळा घोळ टाळता येतो. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्यात कार्पेटची व्याख्या आहे आणि आपल्याकडे महारेरा, म्हणजे या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, मे 2017 पासून काम करतंय. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की फ्लॅटचं कार्पेट महारेराच्या वेबसाइटवर दिसतं. एजंटाच्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या रंगीत प्लॅनपेक्षा ते पाच मिनिटं बघावं.

टेप लावली आणि एरिया कमी भरला

ताबा घेताना ही तक्रार हमखास येते. हॉल 10 बाय 15, बेडरूम 10 बाय 11, किचन 7 बाय 9, मग टॉयलेट, पॅसेज. सगळ्यांची बेरीज केली की करारातल्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा फूट कमी भरतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर आग लागते. बऱ्याचदा कोणी काही चोरलेलं नसतं. रेराच्या कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंतींची जागा धरली जाते. हॉल आणि बेडरूम यांच्यामधली भिंत तुमच्याच कार्पेटमध्ये आहे, पण आपण टेप लावतो ती भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्या भिंतींची लांबी-जाडी बेरजेत मिळवा आणि मगच पत्र लिहायला बसा. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस डक्ट, तुमची बाल्कनी आणि उघडं टेरेस मात्र रेरा कार्पेटमध्ये येत नाहीत.

मोफा, म्हणजे फ्लॅटविषयीच्या महाराष्ट्राच्या 1963 च्या जुन्या कायद्याखालच्या कार्पेटमध्ये भिंती धरत नसत. त्यामुळे त्याच मापाचा फ्लॅट जुन्या करारात लहान आणि नव्या करारात थोडा मोठा दिसतो. नव्या इमारतीत 'जागा जास्त मिळते' असं कोणी म्हणालं, तर त्यातला काही भाग या भिंतींचा आहे.

'युजेबल' या शब्दाकडे जरा लक्ष ठेवा. 'रेरा 412, पण युजेबल 470 मिळतो' हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. रेरा कायद्यात युजेबल नावाचा वेगळा एरिया नाही. रेरा कार्पेटमध्ये बाल्कनी, ड्राय बाल्कनी आणि कधीकधी कपाटासाठी सोडलेला कोनाडा मिळवून तो आकडा तयार होतो. बाल्कनी नको असं नाही, मुंबईच्या उकाड्यात ती हवीच. फक्त तिचं माप वेगळं लिहून मागा. जुन्या फ्लॅटमध्ये याच्या उलट दिसतं. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असते, त्यामुळे टेपवर एरिया भरपूर आणि मंजूर नकाशावर कमी. बँकेचा व्हॅल्युअर नकाशा मागतो, तेव्हा ही तफावत वर येते आणि कर्ज अडकतं.

दहाने गुणू नका

करारात एरिया चौरस मीटरमध्ये असतो, बोलणं सगळं फुटात. घाईत लोक दहाने गुणतात. 38.20 चौरस मीटर म्हणजे 382 नव्हे, 10.764 ने गुणल्यावर 411 फूट. 13,500 च्या भावाने हा फरक जवळपास चार लाखांचा होतो. विकणारा असाल तर खिशातून गेले म्हणून समजा.

रिसेलमध्ये, विशेषतः नौपाड्यातल्या जुन्या इमारती किंवा वाशी-नेरुळचे जुने फ्लॅट बघताना, मालकाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. मूळ करार आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) काढा. सूचीतल्या पाचव्या रकान्यात क्षेत्रफळ असतं, पण नजर आकड्यावर थांबू देऊ नका, तो बिल्टअप आहे की कार्पेट ते बघा. जुन्या दस्तांत बिल्टअप खूप वेळा सापडतं. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारभावाच्या तक्त्यातला दरही बिल्टअपवर असतो, त्यामुळे मुद्रांक शुल्काच्या हिशोबातला एरिया करारातल्या कार्पेटपेक्षा मोठा दिसला तर घाबरू नका.

ताब्याच्या वेळी खरोखरच एरिया कमी निघाला तर? 'तीन टक्के इकडेतिकडे चालतंच, त्याचे पैसे मिळत नाहीत,' असं तुम्हाला साइटवर सांगतील. महाराष्ट्रातल्या नमुना करारात तीन टक्के ही फरकाची मर्यादा आहे, माफी नाही. त्या मर्यादेतली घट निघाली तरी जादा भरलेले पैसे 45 दिवसांत व्याजासह परत करायचे असतात, आणि एरिया वाढला तर खरेदीदाराने त्याच दराने भरायचे. नमुन्यातलं हे कलम तुमच्या करारात तसंच आहे का, ते सही करण्याआधी बघा. पैसे मिळत नसतील तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

मेंटेनन्सचंही विचारून ठेवा. सोसायटी होईपर्यंत बिल्डर तो स्क्वेअर फुटावर आकारतो, तेव्हा तो कार्पेटवर की सेलेबलवर हे लेखी घ्या. सोसायटी झाली की आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चावर.

राहिलं पार्किंग. 'पार्किंग आहे' एवढ्यावर खूश होऊ नका. ओपन पार्किंग ही सामाईक जागा, ती विकता येत नाही. स्टिल्टखालची, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, त्यामुळे ती वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मोफाच्या संदर्भात 2010 मध्ये सांगितलं. रेराच्या व्याख्येतही गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंना भिंती लागतात. कव्हर्ड पार्किंगचे पैसे मोजणार असाल तर करारात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची लिहून घ्या. महारेराने 2024 मध्ये हा तपशील कराराला जोडायला सांगितला आहे. उंचीही विसरू नका, मोठी एसयूव्ही पोडियमच्या बीमखाली अडकल्यावर बिल्डर करारच पुढे करतो.