बंद झालेल्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास कसा काढायचा (राजापूर घेऊन सांगतो)

आधी इलेक्शन कमिशनच्या साइटवर जायचं, तिथे प्रत्येक लोकसभेचे स्टॅटिस्टिकल रिपोर्ट पीडीएफमध्ये आहेत, १९५७ पासून २००४ पर्यंतचे सगळे उतरवून घ्या आणि वर्ष, विजेता, पक्ष अशी साधी एक्सेल करा. राजापूर नुसतं सर्च केलंत तर गोंधळ होणार, कारण याच नावाचा विधानसभा मतदारसंघ अजून चालू आहे. आणि जुन्या कागदात सिंधुदुर्ग शोधत बसू नका, तो जिल्हा १९८१ ला झाला, त्याआधी सगळं रत्नागिरीच.

मग यादी वाचायची. १९५७, ६२, ६७ नाथ पै. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, पण पोटनिवडणूक सापडणार नाही, लोकसभा आधीच डिसेंबरात बरखास्त झालेली. मार्च ७१ ला मधु दंडवते आले ते थेट १९९१ पर्यंत. ८४ ची लाट आठवा, इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसने देश झाडून नेला तरी इथे दंडवतेच, माझ्या मते या यादीतली सगळ्यात भारी ओळ हीच. ९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत, ९६ पासून चारदा शिवसेनेचे सुरेश प्रभू.

पक्षाचा कॉलम नीट भरा हां, प्रजा समाजवादी, जनता पक्ष, जनता दल ही नावं बदलतात, माणसं तीच.

२००८ च्या पुनर्रचनेत राजापूर गेलं, बराचसा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गात आला. पुढचे आकडे या यादीला जोडू नका, हद्दच वेगळी आहे.