राखाडी भिंत निळी दिसायची, ती अशी सुधारली

बैठकीच्या खोलीसाठी शेडकार्डवरून फिकट राखाडी निवडला होता. दोन हात मारून झाले, भिंत वाळली आणि संध्याकाळी दिवा लावला तर सगळी खोली निळसर, गारठलेली. डब्यावरचा क्रमांक ताडून पाहिला, रंग तोच होता.

घोळ उजेडाचा होता. त्या खोलीत थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा निळसर उजेड. त्यात छताला 6500 केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर). राखाडीत मुळातच निळ्याची झाक होती, ती या दोघांनी वर काढली. शेडकार्डच्या दोन बोटांच्या तुकड्यात हे कळत नाही.

आधी फक्त बल्ब बदलला, पिवळसर उजेडाचा, 3000 केल्विनचा. निम्मं काम तिथेच झालं. (खरं तर रंगाआधी बल्बच ठरवायला हवा.) मग पिवळसर झाक असलेले तीन राखाडी छोट्या डब्यांत आणले, मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात दिले. पुठ्ठे सोफ्यामागे, खिडकीशेजारी, कोपऱ्यात असे तीन दिवस फिरवले. सकाळी आवडलेला एक रात्री चक्क हिरवट दिसला! तो बाद. भिंतीवरच पट्टे मारले असते, तर शेजारचा जुना निळसर रंग डोळ्यांना फसवत राहिला असता, म्हणून पुठ्ठा. त्यालाही कडेने पांढरी पट्टी सोडली होती.

शेवटी लागला तो उबदार राखाडी. फिनिश मॅट घेतलं, कारण चकाकीत भिंतीचे उंचवटे उठून दिसतात. पडदे जुनेच ठेवले. त्यांचा विटकरी रंग आता कुठे खुललाय.