टिटवी पंख पाडते तेव्हा

पक्ष्यांचे फोटो काढताना शटर किती ठेवायचा, आयएसओ कुठवर चढवायचा, हे तुम्हाला येत असेलच. नसेल तर दोन-तीन महिन्यांत हात बसतो. कॅमेऱ्याची सेकंडहँड बॉडी आणि ७०-३०० लेन्सवर मी चार वर्षं काढली, त्यामुळे काही अडलं नाही. अडलं ते एका टिटवीपाशी. ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मे महिना होता. खानदेशात, भडगाव तालुक्यात गिरणा नदीचं कोरडं पात्र. साडेदहा वाजून गेलेले, म्हणजे आपल्याकडे त्या दिवसांत माणसानं सावली धरायची वेळ. गोट्यांमधून चालताना टिटवी अगदी पायाजवळून उठली. डोक्यावरून ओरडत दोनदा झेपावली, मग वीसेक पावलांवर उतरून एक पंख जमिनीवर फरफटत चालायला लागली. उघडी चोच, डोळ्यापुढची लाल लोळी, मातीत पसरलेला पंख. जखमी असल्याचं हे सोंग मी फक्त वाचलेलं होतं. सॅक खाली टाकली, गुडघ्यावर बसले आणि फोटो काढत राहिले. ती थांबेना, म्हणून मीही थांबेना. अशी चाळीस मिनिटं गेली.

पलीकडे मेंढरं चारणारे एक बाबा बाभळीखाली बसून हे बघत होते. शेवटी उठून आले आणि म्हणाले, "माय, तू आठून हालशी तवय ती बठी ना!" मी विचारलं, कशावर बसेल? त्यांनी काठीनं दाखवलं. माझ्या सॅकपासून दोन हातांवर चार अंडी होती. निमुळती टोकं आत, रंग मातकट, वर काळपट ठिपके. शेजारचा गोटा कोणता आणि अंडं कोणतं हे दाखवल्याशिवाय कळलं नसतं. त्यांच्यावर सरळ ऊन पडलेलं होतं.

हे नीट समजून घ्या. मे महिन्यातल्या दुपारी टिटवी अंड्यांवर असते ती ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. नर आणि मादी पाळी लावून हे करतात. अंड्यातला जीव थोडा गारवा सोसतो, पण चाळिशीच्या वरची उष्णता फार वेळ सोसत नाही, आणि गिरणेतला गोटा त्या वेळी हाताला धरवत नाही. आता माझं काय झालं ते बघा. मी बसले होते म्हणून ती पंख पाडत होती, आणि ती पंख पाडत होती म्हणून मी बसले होते. मला वाटत होतं की पक्ष्यानं मला काहीतरी दुर्मीळ दाखवलं. ती मला तिथून काढायचा प्रयत्न करत होती. जितका वेळ तुम्ही बघाल तितका वेळ ते चालू राहतं, आणि फोटोही चांगले येत जातात. सापळा हाच आहे.

म्हणून पक्षी काही विलक्षण करताना दिसला, की आधी स्वतःला विचारायचं: मी इथे नसते तर त्यानं हे केलं असतं का? चोचीत अळी धरून पक्षी फांदीवर नुसताच बसलाय, आत जात नाही. एकाच सुरात ओरडतोय, तुमच्याच भोवती घिरट्या घालतोय. समजा की घरटं जवळ आहे आणि अडचण तुम्ही आहात. पायाखाली बघत, आलात त्याच वाटेनं मागे फिरा. अंड्यांवर सावलीला काही ठेवू नका, फांदी बाजूला करू नका. त्या खुणेवरून अंडी हेरायला कावळा बघत असतो. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच येतं.

एवढं वाचून घाबरू नका. चुकून टिटवी उठवली नाही असा फिरणारा माणूस नसेल. मिनिटभरात निघून गेलात तर ती परत येऊन बसते. वाईट होतं ते रेंगाळल्यानं.

गुरूंबद्दल माझं मत कडक आहे. घरट्याचं लोकेशन देणारा आणि मोबाईलवर आवाज लावून पक्षी समोर आणणारा माणूस गुरू नाही. शहाद्याजवळ १९९७ साली वन पिंगळा, म्हणजे रानातलं एक छोटं घुबड, पुन्हा सापडला, १८८४ नंतर पहिल्यांदा. तेव्हापासून आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच हवा असतो. आवाज लावला की त्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसलाय, आणि हातातली शिकार सोडून तो भांडायला येतो. खरं तर आवाज लावायची गरजच नाही. हा पिंगळा दिवसा वावरतो. विरळ सागाच्या रानात सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला दिसतो. दोन-तीन सकाळी रिकाम्या जातील, जाऊ द्या. माझे गुरू म्हणाल तर ते मेंढरांवाले बाबा.

नवीन असाल तर हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयापासून सुरुवात करा. बदकं लांब दिसतात, लेन्स अपुरी पडते, पण थांबायची सवय लागते. उन्हाळ्यात नऊच्या आत कॅमेरा बंद करा. त्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि फोकस बरोबर असूनही फोटो मऊ, म्हणजे पुसट येतो.

त्या चार अंड्यांतून काही निघालं नाही. बाबांनी नंतर सांगितलं की ती बरेच दिवस बसत होती, मग सोडून गेली. माझ्या चाळीस मिनिटांमुळेच झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही, झालं नाही असंही म्हणता येत नाही. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही.

पुढच्या मे महिन्यात त्याच पात्रात, पण दीडशे पावलांवर, त्याच बाभळीखाली दुर्बीण घेऊन बसले. अकराच्या सुमारास टिटवी डबक्यात उतरली, पोट पाण्यात दाबून उभी राहिली, दोनदा हलली. मग झपझप चालत आली. पोटाची पिसं ओली होऊन चिकटलेली होती. जोडीदार उठला, ही अंड्यांवर बसली आणि ओलं पोट त्यांना लावलं. तासाभरात चार खेपा झाल्या. एकदाही तिनं माझ्याकडे मान वळवली नाही.