साहेबांकडून शिफारसपत्र घेताय? लॉ स्कूलच्या अर्जात या चुका टाळा

अमेरिकेत जेडीसाठी, म्हणजे लॉ स्कूलच्या मुख्य पदवीसाठी, अर्ज करणाऱ्यांपैकी बरेच जण काही वर्षं नोकरी करून आलेले असतात. प्राध्यापकांशी संपर्क तुटलेला असतो, म्हणून शिफारसपत्रासाठी ऑफिसकडे वळावं लागतं. त्यात गैर काही नाही. फक्त लॉ स्कूलला काय वाचायचं असतं, हे प्राध्यापकाला सहसा ठाऊक असतं. मॅनेजरला ते तुम्हीच सांगायला हवं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पद बघून माणूस निवडणं. कंपनीच्या उपाध्यक्षांची सही भारदस्त दिसते, पण त्यांनी तुमचं काम जवळून पाहिलेलं नसेल तर पत्रात 'मेहनती, हुशार, सर्वांशी मिळून वागणारी' एवढंच उतरतं. असं पत्र कुणाबद्दलही लिहिता येतं. त्यापेक्षा ज्या टीम लीडने तुमचे मसुदे लाल शेऱ्यांसह परत पाठवले, त्याला विचारा. तो असं काही लिहू शकतो: 'पुरवठादाराच्या करारातली दोन कलमं एकमेकांना छेद देतात हे तिने ओळखलं, दीड पानात नेमकं मांडलं आणि माझी हरकत आल्यावर दुसऱ्या दिवशी सुधारून आणलं.' या एका वाक्यातून वाचन, लेखन आणि टीका पचवण्याची ताकद, तिन्ही दिसतात. प्रवेश समितीला नेमकं हेच हवं असतं. विक्रीचे आकडे कितीही मोठे असले तरी ते याची जागा घेत नाहीत.

म्हणून नुसतं 'सर, एक पत्र द्याल का?' विचारून थांबू नका. 'माझ्याबद्दल ठामपणे चांगलं लिहिता येईल असं वाटतं का?' असं विचारा, म्हणजे ज्याला जमणार नाही त्याला सन्मानाने नाही म्हणता येतं. होकार मिळाला की रेझ्युमे, पर्सनल स्टेटमेंटचा (अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निबंधाचा) मसुदा, शेवटची तारीख आणि एकत्र केलेल्या दोन-तीन कामांची टिपणं पाठवा. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं उत्तर आलं तर टिपणं आणखी सविस्तर द्या, पण पत्र स्वतः लिहू नका. ते प्रामाणिकपणाचं नाही, शिवाय पत्र आणि पर्सनल स्टेटमेंट एकाच हातचं आहे हे सराईत वाचकाच्या लक्षात येऊ शकतं.

आता तांत्रिक बाजू. पत्रं लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिल, म्हणजे एलसॅकमार्फत जातात. तुम्ही एलसॅकच्या आपल्या खात्यात शिफारस करणाऱ्याचं नाव टाकता, त्याला ईमेलने लिंक जाते आणि पत्र तोच अपलोड करतो. ही लिंक ऑफिसच्या स्पॅममध्ये अडकू शकते, तेव्हा ती मिळाली का हे विचारून घ्या. पत्रावर सही हवीच. पत्र पोचल्यावरही काम संपत नाही: कोणतं पत्र कोणत्या लॉ स्कूलला जाणार, हे तुम्हालाच खात्यातून नेमून द्यावं लागतं. ते राहिलं तर पत्र एलसॅककडे पडून राहतं आणि अर्ज अपूर्ण. आलेल्या पत्राची एलसॅककडे नोंद व्हायला दोनेक आठवडे धरून चला. बहुतेक ठिकाणी अर्ज येतील तसे तपासले जातात, त्यामुळे हा उशीर खरंच नडतो.

पत्र पाहण्याचा हक्क सोडणार का, असा प्रश्नही येतो. तो सोडा. गोपनीय पत्राला जास्त वजन असतं.

सगळी पत्रं ऑफिसचीच देणं मात्र टाळा. हार्वर्ड लॉ स्कूल दोन पत्रं मागतं आणि त्यातलं किमान एक शैक्षणिक असावं असा जोरदार आग्रह धरतं. इतर ठिकाणचे नियम वेगळे असतात, तेव्हा प्रत्येकाच्या सूचना वाचा. जुन्या प्राध्यापकांना तुमचा एखादा पेपर जोडून ईमेल केला, तर आठवण पटकन जागी होते.

राहिला नाजूक प्रश्न: नोकरी सोडण्याचा विचार साहेबांना आत्ताच सांगायचा का? नोकरीवर गदा येईल अशी भीती असेल, तर आधीच्या नोकरीतले मॅनेजर किंवा कंपनी सोडून गेलेले वरिष्ठ गाठा. तेही तितकेच चालतात. अनेक अमेरिकी कंपन्या एचआरच्या नियमानुसार फक्त पद आणि नोकरीच्या तारखांनाच दुजोरा देतात. अशा वेळी लेटरहेडशिवाय, वैयक्तिक नात्याने पत्र देता येईल का, हे वरिष्ठांना एचआरकडून आधीच विचारून घ्यायला सांगा. शेवटच्या आठवड्यात नकार आला तर दुसरा माणूस शोधायला वेळ उरत नाही.