गंजून तुटलेल्या बोल्टात ईझी-आउट घालू नका

२०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुडालेले पंप दुरुस्तीला येत होते. मी आयटीआय करून नुकताच कामाला लागलो होतो. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडीतला एम८ चा, म्हणजे ८ मिमीचा बोल्ट पान्याला पाईप लावून ओढला आणि डोकंच तुटून आलं.

बोल्ट कुणाच्याही हातून तुटतो, त्याला घाबरू नका. माझं नुकसान पुढं झालं. मी ४ मिमीचं भोक पाडून ईझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, घातला, जोर लावला आणि तोही आत तुटला.

जरा विचार करा. सबंध ८ मिमीचा बोल्ट ज्या जोराला तुटला, तो जोर निम्म्या जाडीचं हत्यार कसं सोसणार? शिवाय ईझी-आउट निमुळता. आत घुसेल तसा तो बोल्ट फाकवतो, गंजलेले आटे आणखी घट्ट बसतात. आणि तो इतका कडक असतो की वाकत नाही, सरळ तुटतो. मग त्याच्यावर साधं ड्रिल घसरतं आणि शेजारच्या मऊ बीडात शिरतं. माझं भोक तसंच वाकडं गेलं. बॉडी शेवटी स्पार्क इरोजनवाल्याकडं (विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवून काढणाऱ्याकडं) न्यावी लागली. डोकं तुटूनही आटे मोकळे असतील तरच ईझी-आउट वापरा.

नाहीतर उरलेल्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारा. त्या उष्णतेनंच निम्मं काम होतं. तेही जमत नसेल तर अगदी मधोमध पंच मारून ३, ५ आणि शेवटी ६.८ मिमीचं ड्रिल, मग टॅप मारून आटे पाडा. मध्य साधायला अर्धा तास गेला तरी जाऊ दे.

मुळात तुटूच नये म्हणून आदल्या रात्री डिझेल सोडा, सकाळी डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके द्या. बारा कोनी रिंग नको, सहा कोनी सॉकेट घ्या. गॅसनं तापवायचं तर बॉडी तापवा, पण डिझेल आधी पुसून काढा आणि तापल्यावर तेल मारू नका, पेट घेतं. शिकाऊ पोराच्या हातात पहिल्याच दिवशी पाईप देणारा मिस्त्री मला पटत नाही. पाईपनं हाताला बोल्टचं काही कळतच नाही.

आधी किंचित आवळा, मग सोडा. किर्र करून हलला की पाव फेरा मागं, तेल, परत पुढं. पाना रबरासारखा लवचीक लागला तर लगेच थांबा. बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय.